माद्रिदहून रेल्वेने एका दिवसाच्या सहली: आधी स्थानक बघा, मग गाव

तुमचा प्रश्न आधी एकदा मांडून घेते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला आलेले आई-बाबा असे पाच जण माद्रिदला येताय. गुरुवारी दुपारी उतरणार, पुढच्या बुधवारी सकाळी परतीचं विमान, हॉटेल पुएर्ता देल सोलजवळ. म्हणजे हातात पूर्ण दिवस पाच. त्यात तोलेदो आणि सेगोविया एकाच दिवशी, शिवाय आविला, एल एस्कोरिआल, क्वेन्का आणि जमलं तर कोर्दोबा. हे सगळं रेल्वेने होईल का आणि त्यासाठी रेल्वे पास काढावा का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय, की आईंचे गुडघे दुखतात, आणि घरचे सगळे शाकाहारी आहेत, आई-बाबा अंडंही खात नाहीत.

तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं वाक्य हे शेवटचं आहे. मी गेली बारा वर्षं माद्रिदमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या, त्यातही मराठी कुटुंबांच्या सहली आखून देणं हेच माझं काम आहे. गावांची यादी प्रत्येकाची जवळपास हीच असते. फरक पडतो तो बरोबर कोण आहे यावर. तुम्ही दोघंच येत असतात तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

बहुतेक जण गाडीची मिनिटं बघून आखणी करतात. तोलेदो ३३ मिनिटं, सेगोविया अर्ध्या तासाच्या आत, क्वेन्का तासाभरात. हे आकडे खरे आहेत, पण ते स्थानक ते स्थानक आहेत. तुमचा दिवस हॉटेलच्या दारापासून सुरू होतो आणि गावातल्या पहिल्या बघण्याजोग्या जागी पोचल्यावर प्रवास संपतो. मी पाच जणांसाठी, वयस्कर माणसं बरोबर धरून, तोलेदोला जायला पावणेदोन तास धरते, सेगोवियाला दोन, क्वेन्काला अडीच, कोर्दोबाला तीन. आविलाला वेगवान गाडी नाही, दीड ते दोन तासांची साधी गाडी आहे, म्हणजे तेही पावणेतीनवर जातं.

आता तोलेदो-सेगोविया एका दिवसात. नकाशावर दोन्ही माद्रिदच्या जवळ दिसतात, पण एक दक्षिणेला आहे, एक उत्तरेला. तोलेदोची गाडी आतोचा स्थानकातून सुटते, सेगोवियाची चामार्तिनमधून. तोलेदोच्या चौकातून निघून सेगोवियाच्या रोमन जलसेतूखाली उभं राहीपर्यंत सव्वातीन-साडेतीन तास जातात, आणि हे सगळं वेळेवर झालं तर. आईंना त्यात दोन मोठी स्थानकं, चार सरकते जिने आणि दोन बसगाड्या कराव्या लागतील. हे करू नका.

स्थानकाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण यात माझ्याच हातून चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जोडप्याला दिवसाचा आराखडा लिहून दिला. सेगोवियाची वेळ लिहिली, गाडीचा नंबर लिहिला, स्थानक लिहायचं राहिलं. आदल्या दिवशी ते आतोचाहून तोलेदोला गेले होते, म्हणून सेगोवियालाही आतोचालाच गेले. गाडी चुकली. मी त्यांना मोंक्लोआच्या बसस्थानकाहून बसने पाठवलं, दिवस वाचला, पण सकाळचे दोन तास गेले. तेव्हापासून माझ्या कागदावर आधी स्थानक येतं, मोठ्या अक्षरात, मग गाव, मग वेळ. तुम्हीही तसंच करा. शिवाय तिकिटावर पूर्ण नावं असतात: पुएर्ता दे आतोचा आल्मुदेना ग्रांदेस आणि चामार्तिन क्लारा काम्पोआमोर. ती वेगळी स्थानकं नाहीत, तीच दोन आहेत. क्वेन्काकडच्या गाड्यांबाबत तर अंदाज बांधूच नका, तिकिटावर जे लिहिलंय तेच खरं.

आपल्याला लोकलची सवय असते. एक गेली तर पुढची पकडू. इथे तोलेदो-सेगोवियाच्या ‘आवान्त’ या वेगवान गाड्यांना जागा ठरलेली असते, उभ्याने जाता येत नाही, आणि तिकीट त्याच गाडीचं असतं. वेगवान गाड्यांच्या भागात शिरताना सामान यंत्रातून तपासतात. फलाट सुटण्याच्या थोडा वेळ आधीच पाटीवर लागतो, आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. म्हणून मी अर्धा तास आधी पोचायला सांगते. आतोचाला तो अर्धा तास जड जात नाही. जुन्या स्थानकाच्या लोखंडी छताखाली, जिथे पूर्वी गाड्या उभ्या राहायच्या तिथे, आता उंच झाडांची बाग आहे. आई-बाबांना तिथल्या बाकावर बसवा आणि तुम्ही फलाटाच्या पाटीवर नजर ठेवा.

सेरकानियास ही माद्रिदची लोकल. माद्रिदकर त्याचा उच्चार ‘थेर्कानिआस’ करतात, विचारताना तसं म्हटलं की पटकन कळतं. तिला जागा ठरलेली नाही, ठरावीक वेळेचं बंधन नाही, आणि सोलहून आतोचा आणि चामार्तिन दोन्हीकडे ती थेट जाते. तुमचं हॉटेल सोलजवळ आहे, हे फार चांगलं झालं.

आता गुडघ्यांकडे येते. तोलेदो एका टेकडीवर वसलंय, तीन बाजूंनी ताखो नदीचा वळसा आहे. स्थानक खाली, गाव वर. स्थानकाची इमारत स्वतःच बघण्यासारखी आहे, विटांचं नक्षीकाम, रंगीत काचा. तिथून अल्कांतारा पुलावरून चालत वर जाण्यात मजा आहे, पण ती तुमच्या मुलाला, आईंना नाही. स्थानकाबाहेरून शहर बस थेट थोकोदोवेर चौकात सोडते, किंवा टॅक्सी करा. वर पोचल्यावरही गाव सपाट नाही. गोट्यांचे रस्ते, अरुंद बोळ, सतत चढ-उतार. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका कुटुंबाबरोबर गेले होते. कॅथेड्रलकडून सांतो तोमेच्या चर्चकडे जाताना त्यांच्यातल्या काकू एका उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, गाव सुंदर असेलच, पण मी मघापासून खाली मान घालून नुसते दगड बघत चाललेय.” मला ते फार लागलं. तेव्हापासून तोलेदोत मी वयस्कर माणसांना तीनच गोष्टी देते: कॅथेड्रल, सांतो तोमेमधलं एल ग्रेकोचं मोठं चित्र, आणि परत जाताना टॅक्सीने मिरादोर देल वाये. नदीपलीकडच्या त्या रस्त्यावरून सबंध गाव एका नजरेत दिसतं, गाडीतून उतरून दहा पावलंही चालावं लागत नाही. टॅक्सीवाल्याला आधीच सांगायचं, तिथे दहा मिनिटं थांबून मग स्थानकावर सोडायचं. तोवर तुम्ही आणि मुलगा ज्यू मोहल्ल्यातल्या बोळांतून हिंडून खाली या.

सेगोवियाला अडचण वेगळी आहे. गाडी चामार्तिन सोडते आणि थोड्याच वेळात डोंगरात शिरते. ग्वादार्रामाखालचा बोगदा २८ किलोमीटरहून लांब आहे, कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याच्या चौपटीहून जास्त. २००७ साली ही लाइन सुरू झाली, त्याआधी याच प्रवासाला दोन तास लागायचे. त्यामुळे वाटेत फारसं काही दिसत नाही, मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर खिडकीच्या जागेवरून हट्ट होईल. आणि जिथे उतरता ते सेगोविया-गियोमार स्थानक गावात नाहीच. पाच-सहा किलोमीटर बाहेर, उघड्या माळावर. गाड्यांच्या वेळेनुसार ११ नंबरची बस सुटते आणि जलसेतूपाशी सोडते. गाडीतून उतरल्यावर फोटो काढत रेंगाळलात तर बस भरून निघून जाते.

पण तुमच्यासाठी मी बस सुचवणार नाही. सेगोवियात माझी एक ठरलेली पद्धत आहे: वर टॅक्सीने, खाली चालत. जलसेतू गावाच्या खालच्या टोकाला, आल्काथार किल्ला वरच्या टोकाला. बसने आलात की सगळा दिवस चढत जायचं आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी उतरायचं. त्याऐवजी स्थानकावरून टॅक्सी थेट आल्काथारपर्यंत न्या. पाच जणांना एका गाडीत जागा मिळेलच असं नाही, दोन कराव्या लागल्या तरी करा. किल्ल्याच्या मनोऱ्याला १५२ पायऱ्या आहेत, तो तुमच्यासाठी आणि मुलासाठी, आई-बाबा खालची दालनं बघतील. तिथून सावकाश प्लाथा मायोर, कॅथेड्रल, जेवण, आणि मग उतरत जलसेतूपाशी. परतीची ११ नंबरची बस तिथूनच सुटते.

जलसेतूखाली मुलाला खांबाच्या अगदी जवळ न्या. सगळ्यात उंच भागात तो २८ मीटर आहे, पण जवळून बघायची गोष्ट वेगळीच आहे. ग्रॅनाइटचे हे दगड चुन्याशिवाय, एकमेकांच्या वजनावर उभे आहेत, जवळपास १९०० वर्षं. आणि पुष्कळ दगडांच्या तोंडावर बोट जाईल एवढे खळगे दिसतात. रोमन कामगारांनी चिमट्यासारख्या अवजारात धरून दगड वर चढवले, त्या पकडीच्या खाचा आहेत त्या. माझ्याबरोबर आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना किल्ल्यापेक्षा हे खळगे लक्षात राहिलेत.

आता एक गोष्ट तुम्हाला उलटी वाटेल. तुमच्या यादीतलं सगळ्यात लांबचं कोर्दोबा आईंसाठी सगळ्यात सोपं आहे. ‘आवे’ या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीने साधारण पावणेदोन तास, बसायला आरामशीर, स्वच्छतागृह जवळ. आणि उतरल्यावर गाव सपाट. स्थानकापासून मेस्कीता, म्हणजे पुढे कॅथेड्रल झालेली जुनी मशीद, दोन किलोमीटरच्या आत, टॅक्सीने दहा मिनिटं. आत शिरल्यावर त्या लाल-पांढऱ्या कमानींच्या रांगांमधून निवांत फिरायचं, चढ नाही, ऊन नाही. तोलेदोत तीन तासांत जेवढे गुडघे झिजतात तेवढे कोर्दोबात दिवसभरात झिजत नाहीत. खर्च मात्र बघावा लागेल. तोलेदोचं एका बाजूचं तिकीट पंधरा युरोच्या आतबाहेर असतं आणि ते फारसं बदलत नाही. कोर्दोबाच्या गाड्यांचे दर विमानासारखे वरखाली होतात. त्या मार्गावर रेन्फे या सरकारी रेल्वे कंपनीशिवाय इर्यो आणि ऊइगो या कंपन्यांच्याही गाड्या आहेत, तेव्हा तिन्हीकडे बघा आणि लवकर काढा. जुलै-ऑगस्टमध्ये मी वयस्कर माणसांना कोर्दोबाला पाठवतच नाही, पारा ४० च्या वर जातो. सप्टेंबरअखेर ऊन असतं, पण सोसवतं.

एल एस्कोरिआल आणि आविला या वेळी सोडा. एल एस्कोरिआलच्या राजवाडा-मठाला माझा विरोध नाही, पण तिथे रेल्वेने जाण्यात शहाणपणा नाही. सेरकानियास खालच्या गावात सोडते, मठ वर आहे, मध्ये चांगला चढ. मोंक्लोआहून ६६१ किंवा ६६४ नंबरची बस वरच्या गावातच नेते. रेल्वेने जायचंच असा पण केला की असं होतं. शिवाय सोमवारी मठ बंद असतो. आविलाची तटबंदी अडीच किलोमीटरची, वर चालत फिरायची, म्हणजे पुन्हा पायऱ्या. क्वेन्काला दरीच्या कडेवर लटकलेली घरं बघताना डोळ्याचं पारणं फिटतं, पण तेही गाव म्हणजे एक लांबलचक चढ, आणि स्थानक सेगोवियासारखंच गावाबाहेर.

त्याऐवजी तुमच्या यादीत नसलेलं एक नाव देते: अल्काला दे एनारेस. सेरकानियासने पाऊण तासाच्या आत, आरक्षण नाही, वाटेल तेव्हा निघा, कंटाळा आला की परत या. स्थानकातून गावात सपाट रस्त्याने चालत पंधरा मिनिटं. ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सर्वांतेसचं हे जन्मगाव, जुनं विद्यापीठ, दोन्ही बाजूंनी खांबांच्या ओवऱ्या असलेला काये मायोर हा रस्ता, म्हणजे सावलीतून चालणं. आणि चर्चांच्या मनोऱ्यांवर करकोच्यांची प्रचंड घरटी. आई-बाबांना ओवरीत कॉफी घेऊन बसवा, मुलाला घरटी मोजायला लावा. अर्ध्या दिवसाची सहल आहे, पण दमलेल्या कुटुंबाला ती फार सुखाची होते.

मग पाच दिवस कसे लावायचे? शुक्रवारी तोलेदो. तुम्हाला वाटेल, विमानाच्या दुसऱ्याच दिवशी? तेच सोयीचं आहे. सप्टेंबरमध्ये भारत साडेतीन तास पुढे असतो, त्यामुळे पहिल्या सकाळी सगळ्यांना चार-पाचलाच जाग येते. बाहेर उजाडतं मात्र आठच्या सुमाराला. ती पहाट हॉटेलच्या खोलीत घालवण्यापेक्षा साडेआठ-नऊची गाडी घ्या, तोलेदोत गर्दी व्हायच्या आत पोचाल. पण चार-पाचपर्यंत परतीची गाडी धरा, कारण संध्याकाळी सातला शरीर म्हणेल साडेदहा वाजले. शनिवार-रविवार माद्रिदमध्येच राहा. शनिवार-रविवारी माद्रिदकर स्वतःच तोलेदो-सेगोवियाला जातात, गाड्या भरलेल्या असतात, रविवार संध्याकाळी परतीची जागा मिळणं सगळ्यात कठीण. शिवाय रास्त्रोचा जुना बाजार रविवारीच भरतो. सोमवारी सेगोविया किंवा कोर्दोबा, दोन्हींपैकी एकच. आल्काथार आणि मेस्कीता दोन्ही सोमवारी उघडे असतात. मंगळवारी अर्धा दिवस अल्काला, मग बॅगा भरा.

सेगोविया की कोर्दोबा हे मी ठरवू शकत नाही. तुम्ही लिहिलंय, की बाबांना जुन्या वास्तूंची आवड आहे. त्यांनी आयुष्यभर मेस्कीतेचे फोटो बघितले असतील तर कोर्दोबा. तसं काही नसेल आणि मुलाला गंमत हवी असेल तर सेगोविया.

पास नको. दोन-तीन छोट्या प्रवासांना पास कधीच परवडत नाही, आणि पास असला तरी वेगवान गाड्यांत जागेचं आरक्षण वेगळं करावंच लागतं. त्यापेक्षा आई-बाबांसाठी रेन्फेचं तार्खेता दोरादा काढा. साठीच्या पुढच्यांचं सवलतकार्ड आहे, किरकोळ किमतीत मिळतं. पासपोर्ट घेऊन आतोचाच्या तिकीट खिडकीवर जा. मुलालाही चौदा वर्षांच्या आत असल्यामुळे सवलतीचं तिकीट मिळेल. आवान्तचं जाऊन-येऊन तिकीट एकदम काढलं तर तेही स्वस्त पडतं. परतीसाठी कधीही शेवटची गाडी घेऊ नका, तिच्या आधीची घ्या. काही बिघडलं तर एक गाडी हाताशी राहते.

खाण्याचं. या गाड्यांत स्वतःचा डबा खायला कुणी हरकत घेत नाही, तेव्हा थेपले, दशम्या, चटणी बरोबर ठेवा. आवान्तमध्ये खाणं मिळत नाही. गावात जेवण दीड-दोनच्या आधी सुरू होत नाही, आणि चारनंतर स्वयंपाकघर बंद होतं. ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागत नाही, कारण खामोन, म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस, आणि ट्यूना मासा यांना बरेच वेटर मांस समजतच नाहीत. तोडून सांगा: सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, आणि आई-बाबांसाठी सिन वेवो, म्हणजे अंडं नको. भाज्यांचा पिस्तो, तव्यावर भाजलेल्या भाज्या, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, टोमॅटो लावलेला पाव यावर पोट भरतं. सेगोवियातल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ बघून हुरळू नका, ती डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. कोर्दोबात साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं घट्ट गार सूप, मागवलंत तर वरचं खामोन आणि अंडं काढूनच आणायला सांगा. तोलेदोचं मासापान म्हणजे बदाम-साखरेची मिठाई, आपल्या बदाम बर्फीच्या जवळची. पण चकाकीसाठी वरून बऱ्याचदा अंड्याचा बलक फिरवतात, तेव्हा आईंना देण्याआधी दुकानात विचारा.

तिकिटं काढलीत की मला तारखा आणि गाड्यांच्या वेळा इथेच लिहून कळवा, आणि प्रत्येक वेळेपुढे स्थानकाचं नाव लिहा. मी एकदा नजर फिरवून देईन.